तळातल्या माणसाचा शर्ट

३ जानेवारी, शुक्रवार

युनिटने आज सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. वर सोनेरी अक्षरात सिरियलचं नाव, ‘उन्हाचा पास’. बाकीच्यांनी घरी नेऊन पोरांना दिल्या असतील. मला कुठलं पोर? म्हणून मीच लिहिते. आई गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात बोलणं असं होतच नाही. इथे तरी तोंड उघडू.

तर आमची ही सिरियल दोनशे वर्षांनंतरची. समुद्र वर आलाय, पैसेवाले खांबांवरच्या शहरात राहतात, आणि त्या शहराच्या सावलीत, खाली ओलीत, उरलेली सगळी माणसं. त्यांना म्हणायचं तळातले. तळातल्यांना ऊन मिळत नाही. महिन्यातून एक तास वर जाऊन उन्हात उभं राहायचा पास मिळतो, तोही वरच्यांची मर्जी असली तर. समृद्धीने ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी म्हटलं, अगं, याला दोनशे वर्षं कशाला थांबायला हवं? ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगसमोर टॉवर उठला त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळचं ऊन नाही. पापड वाळवायला गच्चीत जावं लागतं. तर ती हसली. समृद्धी म्हणजे आमची कपड्यांची डिझायनर. सत्तावीस वर्षांची आहे, डोक्याने तेज आणि मनाने चांगली.

माझं काम तळातल्यांचे कपडे मळवायचं. वीस वर्षं ब्लाऊज शिवले, कुणी नाव ठेवू नये म्हणून एकेक टाका जपला, आणि आता पन्नाशीला नवेकोरे कपडे फाडायची नोकरी! खिसणीने कोपर घासायचे, चहाच्या पाण्यात बुडवायचे, वर विटेचा भुगा, गुडघ्याला ग्रीस. सेटवर त्याला एजिंग म्हणतात. आई असती तर लाटणं घेऊन मागे लागली असती.

९ जानेवारी, गुरुवार

समोरच्या कलावती वहिनींनी आज स्वतः दार वाजवलं. दिवाळीत त्यांचे यजमान तानाजीभाऊ गेले, तेव्हापासून ते दार बंदच असतं. मुलगी पुण्याला. सान्वी तेरावं उरकल्यावर किती विनवून गेली, आई चल माझ्याकडे. वहिनी हलल्या नाहीत. म्हणाल्या, यांचं घर सोडून मी कुठे जाऊ?

हातात बोचकं होतं. म्हणाल्या, “सरू, यांचे कपडे आहेत. घरात ठेवू नयेत म्हणतात. पण जवळपास कुणाला देऊ नको गं. उद्या बाजारात कुणाच्या अंगावर दिसले तर मी तिथेच मटकन बसेन. तू खडवलीला मावशीकडे जातेस ना? तिकडे नदीपलीकडे दे कुणा गरजवंताला. मला परत दिसता कामा नयेत.”

मी म्हटलं, या रविवारीच जाते. आई गेली तेव्हा तेरा दिवस या बाईने मला ताट वाढलंय. या मजल्यावर माझ्याशी बोलणारं दार तेवढं एकच. त्या आत येऊन बसतील म्हणून मी चहा टाकायला वळले, तोवर त्यांची कडी वाजली पण.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मी जे केलं ते पाप की काय माहीत नाही. लिहून टाकते.

रविवारी खडवलीला गेलेच नाही, कंटाळा केला. बोचकं सोमवारपासून माझ्या कामाच्या पिशवीत, मधेच वेळ मिळाला तर जाईन म्हणून. आज गर्दीचा सीन होता, चाळीस तळातले. समृद्धीने मला मॉनिटरवर दाखवलं. “ताई, बघा ना. मळलेत, पण जुने नाही वाटत. नवा कपडा कॅमेऱ्यात चुगली करतो.” खोटं नव्हतं. नवं कापड पंधरा वेळा धुवा, खांद्यावर बसत नाही. त्यासाठी त्याच्या आत वर्षानुवर्षं माणूस नांदावा लागतो. सगळे खोळंबलेले, डायरेक्टर साहेब घड्याळ बघतायत. मी बोचकं सोडलं. पाच शर्ट, तीन पँटी.

बाकीचे साधेच, गर्दीत वाटून टाकले; त्यातला निळा शर्ट मात्र भाऊंचा सुट्टीचा. मूळचा गडद निळा, आता विटून आभाळासारखा. कॉलर विरली तेव्हा वहिनींनी ती उसवून, उलटी करून परत शिवलीय. टाका काय बारीक! मला नाही जमणार तसा. आणि खिसा उजवीकडे, कारण भाऊ डावखुरे. असा शर्ट पंचक्रोशीत दुसरा नसेल. म्हणून मी तेवढा खिसा ब्लेडने काढून टाकला. खाली कापड विटलेलं नव्हतं, तर उजव्या छातीवर गडद चौकोन राहिला. समृद्धी नाचायचीच बाकी होती. “ताई, हे सोनं आहे सोनं!” तो शर्ट मारुतीरावांना दिला. मारुतीराव खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर घरात बायकोच्या पायात पायात नको म्हणून इथे गर्दीत उभे राहायला येतात. त्यांना तो मापाने शिवल्यासारखा बसला.

मनाला समजावलं. खडवली पाऊण तासावर, सेट त्याहून लांब आहे. आणि गोष्ट तर दोनशे वर्षं लांब. याच्याहून लांब मी ते कपडे कुठे नेणार होते? शिवाय भाऊ गेल्यापासून वहिनींनी टीव्हीचं रिचार्जसुद्धा केलेलं नाही.

त्यांना सांगितलं, दिले हो खडवलीला. त्यांनी विचारलं, कुणाला? मी म्हटलं, एका म्हाताऱ्याला. “बरं झालं,” म्हणाल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

साडेसातला पहिला भाग लागला. मावशीला फोन केला तर खडवलीला लाइट गेलेली. खालच्या मजल्यावर तिघींना सांगून ठेवलेलं, त्या दुसरी सिरियल बघत होत्या, खालून आवाज येत होता. माझं काम पहिल्यांदा जगासमोर आलं आणि टाळ्या वाजवायला घरात माझेच दोन हात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संक्रांतीला वहिनींना तिळाच्या लाडवांचा डबा दिलेला, तो परत द्यायला आज आल्या. रिकामा देऊ नये म्हणून आत साखर. टीव्ही चालू होता. मी डबा घ्यायला हात पुढे केला तर त्यांचं लक्ष पडद्याकडे. तळातल्यांची रांग, मारुतीराव पाठमोरे. मी डोळ्यांनी रिमोट शोधायला लागले. पण शर्ट तो क्षणभरच दिसला, आणि पाठीवर काय कळणार आहे?

वहिनी दाराच्या चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग खाली चटईवर बसल्या आणि भाग संपेपर्यंत उठल्या नाहीत. जाताना विचारलं, “हे रोज असतं?” म्हटलं, सोमवार ते शनिवार. दाराशी जाऊन म्हणाल्या, “येईन मग उद्या.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी उगाच घाबरलेले. वहिनींना सिरियल आवडली!

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज येतात. सात वीसलाच. दिवाळीपासून गाऊनवर असायच्या, आता केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून येतात. सिरियलने माणसात आलं बाई एक माणूस.

आज मात्र जीव गेलेला माझा. मधेच म्हणाल्या, “त्या निळ्या शर्टवाल्याचा खिसा कुणी काढला?”

म्हटलं, “खिसा? कुठला खिसा?”

“तिथे रंग वेगळा दिसतोय ना,” असं म्हणून त्या परत बघायला लागल्या. तेव्हा जीव भांड्यात पडला. मग मी घडाघडा सगळं सांगत सुटले, एजिंग कसं करतात, जाहिराती संपेपर्यंत. वहिनींची नजर काय तेज आहे! समृद्धीला सांगायला हवं, असे प्रेक्षक मिळत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी भरली वांगी घेऊन आल्या. त्यांना स्वतःला वांगं चालत नाही, अंगाला खाज सुटते. ती भाऊंची आवड. भाऊ गेल्यापासून घरात वांगं आलं नव्हतं, आणि आज खास माझ्यासाठी केली! आई गेल्यानंतर माझ्यासाठी म्हणून कुणी काही रांधलेलं मला आठवत नाही. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि मोरीत जाऊन डोळे पुसून आले. वहिनी टीव्हीच बघत होत्या, त्यांना दिसलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज भांडणच झालं म्हणायचं, पण गोड. वहिनी म्हणाल्या, “सरू, ही तुझी माणसं आंघोळ करत नाहीत का गं?”

म्हटलं, गरीब आहेत ती, तळातली.

“मग? ऊन नाही म्हणून पाणी पण नाही? समुद्र आलाय म्हणतेस. आणि यांना बायका नाहीत? बटण तुटलं तर लावत नाही कुणी?” कधी नव्हे त्या चढ्या आवाजात बोलत होत्या. “लग्न झाल्यावर आम्ही पत्र्याच्या खोलीत सात वर्षं काढली. सात! पाऊस वर पडायचा आणि आमच्याकडे आत. पण हे कंपनीत निघाले की कॉलर ताठ. तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे. गरीब माणूसच कपड्याला जपतो गं. त्याच्याकडे दुसरा कुठे असतो?”

आम्ही तरी कोण मोठे लागून गेलेलो? आई माझा एकच फ्रॉक शनिवारी धुवायची आणि तो वाळेपर्यंत मी तिच्या लुगड्यात गुंडाळून बसायचे. हे सगळं माहीत असून मी रोज चाळीस माणसांना ग्रीस फासते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

समृद्धीला वहिनींचं म्हणणं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “ताई, पटतंय मला. पण लोक जेवता जेवता बघतात. एका सेकंदात कळलं पाहिजे, वरचा कोण आणि तळातला कोण. स्वच्छ गरीब दाखवला तर त्यांना तो गरीब वाटतच नाही.” तिचंही चूक नाही.

दुपारी ठमाबाई सेट बघायला आल्या. ही जागा त्यांची. एके काळी घरची सगळी मिठागरात राबायची, आता हातभर पाटल्या आहेत. तळातल्यांकडे बघून नाकाला पदर लावला. “काय गो, यांना पानी नाय मिलत का? आमी मिठागरान उन्हातान्हात रापलेलो, पन असा मलका कपरा कवा नाय घातला.” समृद्धी माझ्याकडे बघून कसनुसं हसली.

संध्याकाळी निघायच्या आधी मी मारुतीरावांच्या शर्टाला बटण लावलं. कुणाला न विचारता. पडद्यावर यायला आठवडा-दोन आठवडे लागतील, आमचं शूटिंग तेवढं पुढे असतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मागे मारुतीरावांनी सुट्टी घेतलेली, तो भाग आज लागला. शर्ट त्या दिवशी एका काटकुळ्या माणसाच्या अंगावर चढवलेला. वहिनी ताडकन म्हणाल्या, “हा कोण? हा तो नाही.” आणि मधेच उठल्या. म्हणे डोकं दुखतंय.

अगं बाई! म्हणजे वहिनींना मारुतीराव आवडतात! मी थट्टा करणार होते, पण त्यांचा चेहरा बघून जीभ चावली. एकटं माणूस, पडद्यावरच्या कुणात जीव गुंतला तर बिघडलं कुठे? समृद्धीला सांगून टाकते, यापुढे निळा शर्ट मारुतीरावांनाच आणि तो पुढच्या रांगेत. माझ्या हातात तेवढं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनींनी विचारलं, “त्यांना चहा देतात का सेटवर?”

“कुणाला?”

“त्या निळ्या शर्टवाल्यांना.”

म्हटलं, गर्दीतल्यांना सकाळी एकदा मिळतो. तर म्हणाल्या, “चार वाजता लागतो चहा.” माझ्या थर्मासात आता मारुतीरावांसाठी एक कप जास्त नेते. त्यांना वाटतं मला त्यांची दया येते.

५ मार्च, बुधवार

बटण दिसलं! म्हणजे बाकी जगात कुणाला दिसलं नसेल, पण वहिनींना दिसलं. “बटण लावलंस,” म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ. या घरात आता माझं कुणीतरी आहे असं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. तो शर्ट कुणाचा हे वहिनींना कळलं तर? परत या दारात पाऊल टाकणार नाहीत. मी खडवलीचं खोटं बोललेय त्यांच्याशी. एकदा वाटतं सांगून मोकळं व्हावं, मग साडेसात वाजतात आणि त्या येतात.

१० मार्च, सोमवार

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी शर्ट एकाच माणसाला ठेवला, पुढच्या रांगेत आणला, तर लोकांना तो ओळखू यायला लागला. चॅनेलकडे म्हणे मेसेज येतात, ते चौकोनवाले काका कोण? डायरेक्टर साहेब खूश. आणि खूश होऊन काय ठरवलं, तर काकांना मारायचं.

खाली साथ येते. वरचे पांढरे पोशाख घालून उतरतात, मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे चिमट्याने काढतात आणि ढीग करून पेटवतात. सगळ्यात शेवटी काकांचा निळा शर्ट, कॅमेरा अगदी जवळ. समृद्धी म्हणाली, “ताई, रडतील लोक. तळातल्याचा शर्टसुद्धा शिल्लक ठेवत नाहीत, हेच तर सांगायचंय.”

मारुतीरावांना मरणाचे वेगळे पैसे मिळणार म्हणून ते पेढे वाटत होते. मी पेढा हातात धरून उभी.

१४ मार्च, शुक्रवार

परवा समृद्धीला सगळं खरं सांगितलं. कुणाचा शर्ट, कुणी दिला, काय म्हणून दिला. सीन बदलणं तिच्या हातात नाही. म्हणाली, “तुम्ही सेम दुसरा शिवा. मी तोच आहे म्हणून कपड्यांच्या वहीत सही करते.”

तीन दिवस हातात होते. कापड मिळालं. खांदे झिजवले, कॉलर उलटवून शिवली, उजवीकडे चौकोन सोडून बाकीचं ब्लीचने विटवलं. सगळं जमलं, फक्त वहिनींचा तो कॉलरचा टाका जमला नाही. चारदा उसवला.

१५ मार्च, शनिवार

जाळला. खोटा जळला, खरा माझ्या पिशवीत. पांढऱ्या पोशाखातल्या माणसाने चिमट्यात धरून ढिगावर टाकला. आधी बाही पेटली. मारुतीराव बनियनवर बाजूला मरून पडलेले, ते उठून म्हणाले, “शर्ट चांगला होता हो, वाईट वाटलं.”

घरी आणून खरा शर्ट धुतला आणि कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवला. आता वहिनींचं काय करायचं? पुढच्या शनिवारी त्या माझ्या चटईवर बसून हे बघणार.

२१ मार्च, शुक्रवार

आठवडाभर गिळून बसलेले, आज भाग संपल्यावर म्हटलं, “वहिनी, उद्याचा नका बघू. रटाळ आहे.”

“काय होतं उद्या?”

“साथ येते. तो निळ्या शर्टवाला मरतो.”

त्यांनी पदर नीट केला. “कसा?”

“मरताना नाही दाखवत. कपडे जाळतात त्याचे.”

मला वाटलं आता उठून जातील. म्हणाल्या, “साडेसातलाच ना?”

२२ मार्च, शनिवार

आज सातलाच आल्या. साधी पांढुरकी साडी. मी चटईवर त्यांच्या शेजारी बसले.

शर्ट पेटला तेव्हा त्या थोड्या पुढे सरकल्या. डोळ्याचं पातं लववलं नाही. राख होईपर्यंत बघत राहिल्या, मग जाहिरात लागली, तीही बघत राहिल्या. मी टीव्ही बंद केला.

म्हणाल्या, “मला त्या दिवशी जिन्यात अडवलं. बायका येत नाहीत म्हणाले. मी म्हटलं लांबून बघते, तरी नाही. सान्वीने हात धरून ठेवलेला. यांना खाली नेलं आणि मी वर. पाच महिने मला वाटतंय, हे आहेत कुठेतरी. येतील.” मग म्हणाल्या, “आज बघितलं.”

मी रडायला लागले. म्हटलं, वहिनी, तुम्हाला माहीत होतं?

“पहिल्याच दिवशी. पाठमोरे उभे होते. माझा टाका मला कळणार नाही? खूप चिडले होते तुझ्यावर, सरू. दुसऱ्या दिवशी तुझ्याशी भांडायलाच येणार होते. तर साडेसात वाजले आणि हे परत दिसले. मग भांडायचं कशावर?”

उठल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या मोरीत बादलीचा आवाज आला. डोक्यावरून पाणी घेत होत्या. अख्खी बादली संपेपर्यंत मी दारामागे उभी होते.

२४ मार्च, सोमवार

साडेसातला आल्या नाहीत. मी दोन कप चहा टाकलेला.

मी किती मूर्ख! साडी, विंचरलेले केस, वांगी, चार वाजताचा चहा. सगळं मीच या डायरीत लिहिलंय आणि मलाच कळलं नाही. वहिनी माझ्याकडे येतच नव्हत्या. त्या नवऱ्याला भेटायला येत होत्या, मी आपली टीव्हीवाली. राग येत नाहीये. फार एकटं वाटतंय, एवढंच. सवय लागलेली ना माणसाची.

२७ मार्च, गुरुवार

आज आल्या. बसल्या. सान्वीने बोलावलंय, उद्या न्यायला येतेय, म्हणाल्या. या वेळी नाही म्हणाल्या नाहीत त्या. तिथे सान्वीच्या घरी सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं म्हणे.

मग विचारलं, “सरू, एक सांग. तो खराच शर्ट होता ना? सिरियलवाले खोटं खोटं पण दाखवतात म्हणे. जळला ना तो?”

शर्ट त्यांच्यापासून दोन हातांवर, कपाटात. मला फक्त दार उघडायचं होतं. काढून मांडीवर ठेवला असता तर वहिनी कुठेही गेल्या नसत्या. मला माहीत आहे. सान्वीला परत पाठवलं असतं, शर्ट उशाशी घेऊन समोरच राहिल्या असत्या, आणि साडेसातला नाही तर निदान चहाला तरी माझ्याकडे आल्या असत्या. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी काही देवमाणूस नाही.

“आईकडे बघून सांग,” म्हणाल्या. आईचा फोटो टीव्हीच्या वर आहे.

मी आईकडे बघितलं. म्हटलं, “खराच होता वहिनी. जळला.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “मग जाते मी,” म्हणाल्या. घराची एक किल्ली माझ्याकडे ठेवली, तुळशीला पाणी घालायला.

२९ मार्च, शनिवार

काल दुपारी गेल्या. सान्वीने बॅगा उचलल्या. जिन्याच्या वळणावर वहिनींनी वर बघून हात केला.

आज शर्ट घेऊन सेटवर गेले. शेडच्या मागे पत्र्याचा ड्रम आहे, चिंध्या आणि थर्माकोल जाळायचा. आजूबाजूला कुणी नव्हतं. आधी कॉलरवरून एकदा बोट फिरवलं, मग टाकला. सुती होता, लवकर पेटला. समृद्धी धूर बघून आली. “काय जाळताय ताई?” म्हटलं, जुना कपडा होता. तिने एकदा ड्रममध्ये बघितलं, मग संपेपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली.

घरी येऊन मीही डोक्यावरून पाणी घेतलं. आता वहिनींना माघारी बोलवायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. पण आईच्या तोंडाकडे बघून जे बोलले ते खरं झालं.